रक्ताचे नवे पाट

सुई शरीरावर कुठेही टोचा, रक्त येतंच. बोटाच्या टोकाला येतं, दंडावर येतं, कानाच्या पाळीला येतं. म्हणजे सुईच्या टोकाएवढ्या जागेतसुद्धा रक्तवाहिनी असते. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा आणि सांध्यांतली कूर्चा असे थोडे अपवाद सोडले, तर शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी कुठल्या ना कुठल्या केशवाहिनीच्या शेजारी राहते. त्याला कारण आहे. केशवाहिनीतून बाहेर पडलेला ऑक्सिजन पेशींमधून झिरपत पुढे जातो, आणि ही झिरप साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरपलीकडे पोचत नाही. वहीच्या एक-दोन पानांची जाडी, बस्स. त्याहून लांब असलेली पेशी उपाशी राहते आणि काही काळाने मरते.

हा उपवास शरीराच्या एखाद्या भागाला घडू लागला, की त्याला वैद्यकात इस्किमिया म्हणतात. आपण त्याला रक्तटंचाई म्हणू. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडलं की जिना चढताना छाती आवळते. पायाला कमी पडलं की थोडं चाललं तरी पोटऱ्या भरून येतात, थांबलं की बरं वाटतं. टंचाई फार वाढली तर बसल्या जागीही पाय दुखतो, बोटं काळी पडतात, साधी जखमही भरत नाही. पाय कापायची वेळ येते ती इथे.

मोठी धमनी एखाद्या ठिकाणी तुंबली असेल तर डॉक्टर फुगा घालून ती रुंद करतात, स्टेंट बसवतात किंवा बायपास करून नवा रस्ता काढून देतात. पण काही रुग्णांत धमन्या इतक्या बारीक आणि इतक्या ठिकाणी खराब असतात की फुगा कुठे घालावा आणि बायपास कुठे जोडावा हेच कळत नाही. मधुमेहाच्या रुग्णांत हे बरंच दिसतं, कारण गुडघ्याखालच्या लहान धमन्यांवरच तो रोग बसतो. अशा रुग्णांसाठी तीसेक वर्षांपूर्वी एक वेगळाच विचार पुढे आला. तुंबलेली वाट उघडत नसेल तर शरीराकडूनच नव्या रक्तवाहिन्या वाढवून घेता येतील का? ज्या प्रथिनांच्या सांगण्यावरून शरीर रक्तवाहिन्या वाढवतं, ती प्रथिनंच बाहेरून दिली तर?

हा विषय मी निवडला त्यामागे घरचं कारण आहे. फोंड्याकडे राहणाऱ्या माझ्या मामाला मधुमेह आहे. मागच्या वर्षी त्याच्या पायाचं एक बोट काढावं लागलं. त्यानंतर कुणीतरी त्याला मोबाईलवर एक मेसेज पाठवला: नव्या रक्तवाहिन्या उगवणारं इंजेक्शन, एकदा घेतलं की पाय वाचला. मामाने तो मला पुढे पाठवला आणि फोन केला, “बाय, तू बायोटेकला ना? मग हे वाच आणि खरं काय ते सांग.” हो किंवा नाही एवढं सांगून भागण्यासारखं ते नव्हतं. म्हणून जे वाचलं, समजून घेतलं, ते इथे मांडते आहे. आपल्या मंडळातल्या अनेकांच्या घरी असा एक तरी मामा असेल.

शरीराला हे आधीच येतं

पहिली गोष्ट: रक्तवाहिन्या वाढवणं ही डॉक्टरांची कल्पना नाही, शरीराची जुनी सवय आहे. गर्भात तर सगळं जाळंच नव्याने विणलं जातं. मोठेपणी ही वाढ बहुतेक ठिकाणी शांत असते. पण जखम भरताना, पाळीच्या चक्रात गर्भाशयाचं अस्तर दर महिन्याला नवं होताना, गरोदरपणी वार तयार होताना, नियमित व्यायामाने स्नायू कमावताना ती पुन्हा जागी होते.

वैद्यकाच्या पुस्तकांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते. १७८५ साली लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी रिचमंड पार्कमधल्या एका हरणाच्या शिंगाला रक्त नेणारी मानेतली धमनी बांधून टाकली. हरणाचं वाढतं शिंग मखमली कातडीने झाकलेलं असतं आणि हाताला गरम लागतं. धमनी बांधल्यावर ते गार पडलं. पण आठवड्या-दोन आठवड्यांत ते पुन्हा गरम झालं. तपासलं तर बांधलेली धमनी बंदच होती. तिच्या आजूबाजूच्या बारीक फांद्या मात्र रुंद होऊन त्यांनी रक्त वाहून न्यायला सुरुवात केली होती. त्याच वर्षी हंटर यांनी हा भरवसा धरून गुडघ्यामागच्या धमनीला फुगवटा आलेल्या एका गाडीवानाच्या मांडीतली धमनी बांधली, आणि त्याचा पाय वाचला.

या गोष्टीतला एक तपशील लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे. हरणाच्या मानेत मुख्यतः आधीच असलेल्या बारीक धमन्या रुंद झाल्या. अगदी नवी केशवाहिनी फुटणं आणि जुनी बारीक धमनी रुंद होणं, या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीला अँजिओजेनेसिस म्हणतात, दुसरीला आर्टेरिओजेनेसिस.

नवी केशवाहिनी कशी फुटते? पेशीत हिफ नावाचं एक प्रथिन सतत तयार होत असतं. ऑक्सिजन पुरेसा असला की पेशी त्याला खूण करते आणि लगेच मोडून टाकते. ऑक्सिजन कमी झाला की खूण होत नाही. हिफ टिकतं, पेशीच्या केंद्रकात जातं आणि टंचाईच्या काळात लागणारी जनुकं चालू करतं. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल ग्रेग सेमेन्झा, पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन यांना २०१९ चं नोबेल मिळालं. हिफ जी जनुकं चालू करतं, त्यांतलं एक जनुक व्हीईजीएफ या प्रथिनाचं. हे प्रथिन पेशीबाहेर पडतं आणि जवळच्या केशवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींवर जाऊन बसतं. त्यांच्यासाठी तो निरोप असतो: इकडे या.

मग अस्तरातली एक पेशी पुढारी होते. ती बारीक बोटांसारखे तंतू बाहेर काढून निरोप कुठून येतोय ते चाचपते आणि त्या दिशेने सरकते. शेजारच्या पेशींना ती बजावते की तुम्ही पुढारी होऊ नका. त्या तिच्यामागे रांगेने वाढत पोकळ देठ तयार करतात. असे दोन कोंब भेटले की जोडले जातात आणि त्यांतून रक्त वाहू लागतं. एवढ्यावर संपत नाही. नव्या नळीभोवती आधाराच्या पेशी येऊन बिलगाव्या लागतात. त्यांना बोलावणारं प्रथिन वेगळं, भिंत घट्ट करणारं प्रथिन वेगळं. आधार मिळाला नाही तर नळी गळते, आणि निरोप थांबला की विरूनही जाते.

प्रथिनं सापडली कशी

या प्रथिनांचा शोध रक्तटंचाईच्या रुग्णांसाठी सुरू झालाच नव्हता. तो सुरू झाला कॅन्सरपासून. १९६० च्या सुमारास ज्युडा फोकमन हे तरुण शल्यविशारद वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा इथे अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत रक्ताला पर्याय शोधत होते. सशाची थायरॉइड ग्रंथी काचेच्या भांड्यात जिवंत ठेवून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने तिच्यात कॅन्सरच्या पेशी सोडल्या. गाठी एक-दोन मिलिमीटरपर्यंत वाढल्या आणि थांबल्या. त्याच गाठी उंदरात घातल्यावर भराभर वाढल्या. फरक एकच होता: उंदरात गाठींना नव्या रक्तवाहिन्या मिळाल्या, भांड्यात मिळाल्या नाहीत.

१९७१ मध्ये बॉस्टनहून फोकमन यांनी मांडलं की गाठ काहीतरी द्रव्य सोडून रक्तवाहिन्या आपल्याकडे ओढून घेते. ते द्रव्य अडवलं तर गाठ उपाशी राहील. अनेक वर्षं लोकांनी मान हलवली, पण पटवून घेतलं नाही. मग १९८३ मध्ये हॅरॉल्ड ड्वोरॅक आणि डोनाल्ड सेंगर यांच्या गटाला रक्तवाहिन्या गळक्या करणारं एक प्रथिन सापडलं. १९८४ मध्ये फोकमन यांच्याच गटाने आज एफजीएफ-२ म्हणून ओळखलं जाणारं प्रथिन गाठीतून वेगळं केलं. १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा यांनी व्हीईजीएफ ओळखून त्याचं जनुक मिळवलं, आणि ते १९८३ चं गळती करणारं प्रथिनच निघालं. व्हीईजीएफला अडवणारं बेव्हासिझुमॅब हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. फोकमन यांना ते पाहायला मिळालं. २००८ मध्ये ते वारले.

कॅन्सरवाले ही प्रथिनं अडवायच्या मागे होते, तेव्हा हृदयरोगवाले उलटा विचार करत होते. जनुक हातात आलं की इन्शुलिनसारखंच हे प्रथिनही प्रयोगशाळेत हवं तेवढं बनवता येतं. पायाची धमनी बांधलेल्या सशांना व्हीईजीएफ दिलं, तर त्या पायात जास्त रक्तवाहिन्या दिसू लागल्या. डुकरांच्या हृदयात एफजीएफनेही आशादायक गोष्टी घडल्या. १९९८ मध्ये जर्मनीतल्या एका गटाने बायपासच्या वेळी २० रुग्णांच्या हृदयाच्या स्नायूत एफजीएफ-१ टोचलं. बारा आठवड्यांनी घेतलेल्या चित्रांत टोचल्या जागेभोवती केशवाहिन्यांची दाट जाळी दिसली. उष्णता देऊन निकामी केलेलं प्रथिन ज्यांना टोचलं होतं, त्यांच्यात ती दिसली नाही. वातावरण असं की पाच-दहा वर्षांत बायपासची गरजच कमी होईल असं बोललं जाऊ लागलं.

चाचण्यांनी काय दाखवलं

जाळी दिसणं वेगळं आणि माणसाला बरं वाटणं वेगळं. ते पाहायला मोठ्या चाचण्या लागतात, आणि त्यांत काही रुग्णांना नुसतं पाण्यासारखं निष्क्रिय द्रव, म्हणजे प्लासिबो, द्यावं लागतं. कुणाला काय दिलं हे रुग्णाला ठाऊक नसतं, तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसतं.

व्हीईजीएफची अशी चाचणी ‘व्हिवा’ नावाने झाली. छातीत दुखण्याचा त्रास असलेले १७८ रुग्ण. काहींना जास्त मात्रा, काहींना कमी मात्रा, काहींना प्लासिबो. साठ दिवसांनी सगळ्यांना चालपट्ट्यावर चालवलं. जास्त मात्रेचे रुग्ण पूर्वीपेक्षा सरासरी ३० सेकंद जास्त चालले. कमी मात्रेचेही ३० सेकंद. आणि प्लासिबोचे? ४८ सेकंद. एकशेवीस दिवसांनी जास्त मात्रेच्या गटाचा छातीचा त्रास थोडा कमी असल्याचं दिसलं. चालण्यातला फरक मात्र तेव्हाही निर्णायक नव्हता.

मला या चाचणीतला सगळ्यांत महत्त्वाचा आकडा ४८ वाटतो. प्लासिबोच्या रुग्णांनी खोटं सांगितलेलं नव्हतं, ते खरोखर जास्त चालले. मोठ्या दवाखान्यात निवड झाली, लक्ष मिळालं, आशा वाढली, औषधं वेळेवर घेतली गेली, चाचणीची सवय झाली. या सगळ्याने माणूस अर्ध्या-पाऊण मिनिटाने पुढे जातो. प्लासिबोचा गट ठेवला नसता, तर ‘व्हीईजीएफने रुग्ण ३० सेकंद जास्त चालले’ अशी बातमी झाली असती आणि ती खरीही वाटली असती. “अमक्याला घेतल्यावर बरं वाटलं” हा पुरावा का पुरत नाही, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं मिळालं नाही.

एफजीएफ-२ ची हृदयावरची ‘फर्स्ट’ नावाची चाचणी ३३७ रुग्णांवर झाली. नव्वद दिवसांनी चालण्याच्या क्षमतेत प्लासिबोपेक्षा फरक नव्हता. पायांच्या रक्तटंचाईवर त्याच प्रथिनाची ‘ट्रॅफिक’ चाचणी १९० रुग्णांवर झाली. प्लासिबोच्या गटाचा चालण्याचा वेळ सरासरी ०.६० मिनिटाने वाढला, एक मात्रा दिलेल्यांचा १.७७ मिनिटांनी. आशा वाटावी असा हा फरक. पण दोन मात्रा दिलेल्यांचा १.५४ च मिनिटांनी वाढला, आणि सगळे गट मिळून केलेली मुख्य तुलना निर्णायक ठरली नाही.

का जमलं नाही?

याची मला समजलेली कारणं अशी.

एक, निरोपाला दिशा लागते. शेजारी बांगडे भाजत असले की नाक बरोबर त्या घराकडे वळतं, कारण त्या बाजूला वास दाट असतो आणि लांब गेलं की विरळ. सगळ्या वाड्यावर वास सारखाच पसरला तर चूल कुठली ते कसं कळणार? कोंबाची पुढारी पेशी व्हीईजीएफ कुठे दाट आहे ते पाहूनच वळते. प्रथिन रक्तात सोडलं तर ते सगळीकडे सारखं पसरतं. शिवाय ते रक्तात फार वेळ टिकत नाही, आणि जास्त द्यावं तर रक्तदाब खाली येतो. पक्की नळी तयार व्हायला मात्र आठवडे लागतात.

दोन, मात्रेचा प्रश्न. उंदराच्या स्नायूत भरमसाट व्हीईजीएफ बनवणाऱ्या पेशी ठेवल्या तेव्हा चांगल्या केशवाहिन्यांऐवजी फुगलेल्या, गुंतलेल्या रक्तवाहिन्यांच्या गाठी झाल्या. पुढच्या प्रयोगांत दिसलं की एकूण किती प्रथिन दिलं यापेक्षा प्रत्येक पेशीच्या अगदी जवळ ते किती साठलं, यावर चांगलं-वाईट ठरतं. इंजेक्शन देणाऱ्याच्या हातात एकूण मात्रा असते. पेशीजवळचं प्रमाण नसतं.

तीन, एका प्रथिनाने काम पुरं होत नाही. वर सांगितल्याप्रमाणे कोंब फुटायला एक प्रथिन, आधाराच्या पेशी यायला दुसरं, भिंत पक्की व्हायला तिसरं, आणि तेही ठरलेल्या क्रमाने लागतात. नुसतं व्हीईजीएफ दिलं तर गळक्या नळ्या होतात आणि पाय सुजतो.

चार, आणि मला सगळ्यांत पटलेलं कारण. ज्यांनी फोंडा तालुक्यातलं कुळागर पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. वरच्या झरीचं पाणी मुख्य पाटातून येतं, मग लहान पाटांतून पोफळींच्या आळ्यांत जातं. मुख्य पाटात दरड कोसळली आणि पोफळी सुकू लागल्या, तर खाली आळ्याजवळ आणखी पन्नास चर खणून काय उपयोग? पाणीच येत नाही. केशवाहिन्या म्हणजे आळ्याजवळचे चर. तुंबते ती धमनी, म्हणजे पाट. हंटर यांचं हरीण आठवा: त्याचं शिंग पुन्हा गरम झालं ते बाजूचे लहान पाट रुंद झाल्यामुळे.

इथे भौतिकशास्त्रही आड येतं. नळीतून वाहणारा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. एकोणिसाव्या शतकात प्वाझय या फ्रेंच शास्त्रज्ञाने हा नियम दिला. नळी निम्मी अरुंद झाली की प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. उलट हिशेब करा: दहापट रुंद एक नळी तेवढ्याच लांबीच्या दहा हजार बारीक नळ्यांएवढं वाहून नेते. कागदावरचा हिशेब आहे, शरीर इतकं सरळ नसतं; पण एक धमनी रुंद होण्याची बरोबरी केशवाहिन्यांची गर्दी का करू शकत नाही ते यातून कळतं. धमनी रुंद होण्याचा मुख्य इशारा ऑक्सिजनच्या टंचाईपेक्षा तिच्या भिंतीला घासत जाणाऱ्या रक्ताच्या वेगातून मिळतो. तो व्हीईजीएफच्या इंजेक्शनने मिळत नाही.

पाच, रुग्ण. प्रयोगातला ससा तरुण आणि निरोगी असतो. चाचणीतला माणूस साठीचा, मधुमेही, कधी विडी-सिगारेट ओढणारा. त्याच्या शरीरात टंचाई आहे, म्हणजे निरोपही बहुधा जातोय. ऐकणाऱ्या पेशीच थकल्या असतील तर तोच निरोप आणखी मोठ्याने देऊन फार फरक पडणार नाही.

आणि धोका? मधुमेहात एक विचित्र गोष्ट होते. एकाच माणसाच्या पायात रक्तवाहिन्या कमी पडतात आणि डोळ्याच्या पडद्यावर नको तितक्या, नाजूक, फुटणाऱ्या वाहिन्या वाढतात. त्या डोळ्यात व्हीईजीएफला अडवणारं इंजेक्शन द्यावं लागतं. आता त्याच माणसाच्या रक्तात व्हीईजीएफ सोडायचं का? म्हणूनच अशा चाचण्यांमध्ये डोळ्याचा हा विकार किंवा कॅन्सर असलेल्यांना बाजूला ठेवत.

प्रथिनाऐवजी पाककृती

प्रथिन टिकत नाही, तर त्याची पाककृतीच पेशीला द्यावी, असा पुढचा विचार. बॉस्टनचे जेफ्री इस्नर यांनी १९९० च्या दशकात व्हीईजीएफचं जनुक पायाच्या धमनीतून दिलं. नंतर एफजीएफ-१ चं जनुक पायाच्या स्नायूत टोचून एका लहान चाचणीत पाय कापण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं. मग तीच गोष्ट ‘तमारिस’ या मोठ्या चाचणीत ५२५ रुग्णांवर तपासली. २०११ मध्ये निकाल आला. वर्षभरात मोठं अवयवछेदन किंवा मृत्यू: प्लासिबोच्या गटात ३३ टक्के, औषधाच्या गटात ३६ टक्के. फायदा नाही. लहान चाचणीतली आशा मोठ्या चाचणीत विरली, हे या विषयात पुन्हा पुन्हा घडलंय.

तरी काम थांबलेलं नाही. रशियाने २०११ मध्ये व्हीईजीएफच्या जनुकाचं एक औषध मंजूर केलं. जपानने २०१९ मध्ये एचजीएफ या दुसऱ्या प्रथिनाच्या जनुकाला सशर्त मंजुरी दिली, पण पुढे ते औषध मागे घेतलं गेलं. करोनाच्या लसीमुळे आपल्याला माहीत झालेलं एमआरएनए वापरून, बायपासच्या वेळी हृदयात व्हीईजीएफ तयार करवण्याची एक छोटी चाचणीही झाली. ती ११ रुग्णांची होती, सुरक्षितता पाहण्यापुरती. आपल्याकडे बंगळूरच्या स्टेंप्युटिक्स या कंपनीने वेगळी वाट धरली: निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी वाढवून पोटरीच्या स्नायूत टोचायच्या, म्हणजे त्या एकाऐवजी अनेक प्रथिनं तिथेच सोडतील. पायाच्या गंभीर रक्तटंचाईसाठी या उपचाराला २०२० मध्ये भारतात मंजुरी मिळाली. काही संशोधक जेलमध्ये प्रथिन अडकवून ते हळूहळू सुटेल अशी सोय करताहेत, म्हणजे दिशा आणि वेळ दोन्ही साधतील.

मग हातात काय आहे?

वाढ घडवणारी काही प्रथिनं औषधाच्या दुकानात आजही आहेत, पण जखमेवर लावायच्या जेलच्या रूपात. १९९७ मध्ये अमेरिकेत बेकाप्लर्मिन जेल मधुमेही पायाच्या जखमांसाठी मंजूर झालं. हैदराबादच्या भारत बायोटेकचं ईजीएफ प्रथिनाचं जेल आपल्याकडे मिळतं. यात एक बारकावा आहे. बेकाप्लर्मिन ज्या जखमेला रक्तपुरवठा पुरेसा आहे, तिच्याचसाठी मंजूर आहे. म्हणजे रक्त नसलेल्या पायाला रक्त आणून देण्याचं काम ते करत नाही. आधी पाट मोकळा, मग जेल.

त्यामुळे ‘नव्या रक्तवाहिन्या उगवणारं इंजेक्शन’ असं कुणी सांगितलं तर चार प्रश्न विचारायचे. त्यात नक्की काय आहे: प्रथिन, जनुक की पेशी? भारतात मंजूर आहे का, आणि नेमक्या कुठल्या दुखण्यासाठी? चाचणी असेल तर ती भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंदलेली आहे का? ही नोंदवही इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. आणि चाचणी म्हणत असूनही पैसे मागताहेत का? मागत असतील तर तिथून उठायचं.

आधी मात्र पायाला रक्त किती जातं ते मोजून घ्यायला हवं. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब, एवढी साधी ती तपासणी आहे. उत्तर ०.९ पेक्षा कमी आलं तर टंचाई आहे असं धरतात. मधुमेहात धमन्या कडक झाल्या की हा आकडा फसवा, जास्त येऊ शकतो. तेव्हा डॉपलर किंवा बोटाचा दाब पाहावा लागतो. तंबाखू, विडी, सिगारेट बंद करणं हा पायातल्या रक्तासाठी मोठा उपाय आहे. तरुण धूम्रपान करणाऱ्यांना होणाऱ्या बर्गर रोगात तर तोच मुख्य उपचार. पोटऱ्या भरून येणाऱ्यांसाठी देखरेखीखाली रोज चालणं, दुखू लागेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, याने चालण्याचं अंतर वाढतं हे चाचण्यांनी दाखवलंय. मात्र पायाला जखम असेल तर डॉक्टरांना विचारूनच. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवायचं आणि रोज रात्री तळपाय उजेडात पाहायचे. ज्यांना वाकता येत नाही किंवा दिसत नाही, त्यांचे पाय घरातल्या कुणीतरी पाहायचे. आपण तरुण आहोत, आपले डोळे चांगले आहेत. हे काम आपल्याला जमण्यासारखं आहे.

बोट काळं पडत असेल, रात्री पाय दुखून झोप लागत नसेल, जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे लगेच जायचं. नवी केशवाहिनी वाढायला आठवडे लागतात, पण रक्त न मिळालेला पाय आठवडे थांबत नाही. प्रथिनांचं शास्त्र पुढे जाईल आणि कदाचित आमच्या पिढीतलं कुणी त्यात कामही करेल. तोवर ज्या पायांत थोडं तरी रक्त वाहतंय, ते टिकवणं आपल्या हातात आहे.